बरगडीतला सूर

कुलसुमने सारंगी छातीशी टेकवली, गज ओढला. सूर कानांना ऐकू आला, पण छातीला काहीच कळलं नाही.

फुप्फुसाचा रोगट भाग काढून चार महिने झाले होते. नंतर दुखू नये म्हणून त्याच वेळी डॉक्टर नंदिता केंभावींनी बरगड्यांखालून जाणारे मज्जातंतू उणे सत्तर अंशांवर गोठवले होते. आतला तंतू विरतो, आवरण मात्र शाबूत राहतं आणि त्याच्याच आधाराने तंतू हळूहळू पुन्हा वाढतो. डॉक्टर याला ‘शीतनिद्रा’ म्हणत. दुखणं नव्हतंच, पण छातीचा ओंजळभर भाग लाकडासारखा झाला होता.

तिला अब्बा आठवले. मिरजेच्या घरातल्या अंगणाकडच्या खोलीत ते तिचा इवलासा हात आपल्या बरगड्यांवर ठेवून सारंगी वाजवायचे. हाताखाली सगळं गुणगुणायचं. “कळलं, बेटा? आधी इथं वाजतं.” पुढे त्यांच्याही फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा हे गोठवणं नव्हतं. जखम भरली, आग राहिली. सदरासुद्धा सोसेना. सारंगी खोळीत गेली ती कायमची. संध्याकाळी ते खिडकीशी बसत आणि बोटं आपोआप खुर्चीच्या हातावर सरकत.

तपासणीला नंदिताने तिच्या छातीवरची संवेदक पट्टी पडद्याला जोडली. बरगडीच्या वळणाने हिरवे धागे पुढे सरकत होते. एकाचं टोक तांबूस होतं.

“तंतू जागे होतायत, मावशी. पण हे टोक वेडंवाकडं वाढतंय. इथून दुखणं सुरू होऊ शकतं. नव्या यंत्राने मी हे कायमचं निजवू शकते.”

“मग स्पर्श?”

“तोही परत येणार नाही.”

“आणि तसंच राहू दिलं तर?”

“स्पर्श येईल, दुखणं येईल, कदाचित दोन्ही. पट्टीला तेवढं कळत नाही.”

“दुखलं तर मग गोठवा की.”

“दुखणं एकदा मेंदूत मुरलं, की तंतू गोठवूनही जाईलच असं नाही.”

कुलसुमने पडद्यावरच्या तांबूस टोकाकडे पाहिलं. अब्बांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

“जागे होऊ देत,” ती म्हणाली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात रियाज करताना बरगडीखाली काहीतरी हललं. मुंगी चालावी इतकं बारीक. तिने गज थांबवला नाही. ही दुखण्याची सुरुवात होती, की स्पर्शाची?