मोकळ्या खाचांमधली टकटक

“हळू रे, धांदरटा! उडालेली स्प्रिंग आपल्या बापालाही सापडत नाही.”

दादाचा हा आवाज पंधरा वर्षांपूर्वीचा. कीबोर्डमधला स्विच उघडायला त्याने मला शिकवलं, तेव्हाचा.

पुढचं सगळं खरं आहे. रविवार होता. दुपारचे तीन. दादाची खोली, खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलेलं. भर उजेडात घडलंय. पटलं तर पटलं.

दादा भाषांतरं करायचा. त्याचा कीबोर्ड तोंडाळ, अक्षरागणिक टकटक. आणि वाक्य संपलं की तो अंगठ्याने स्पेस बार दोनदा ठोकायचा.

ठक ठक.

वाक्य आत घेऊन दार लावल्यासारखं. भिंतींनाही पाठ झालं होतं.

सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी, त्याच टेबलाच्या खुर्चीपाशी तो गेला. हृदय थांबलं. वहिनी तेव्हा झोपल्या होत्या, असं आम्हाला कळलं.

त्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक मी हाती घेतलं. कीबोर्डही त्याचाच.

दोन दिवसांत वहिनी दारात उभ्या.

“भाऊजी, हा आवाज बंद करा. नाहीतर मी छकुलीला घेऊन भावाकडे जाते. कायमची.”

“दुसरा कीबोर्ड आणतो ना.”

“नको. त्यांचाच राहू दे. फक्त गप्प करा.”

एका टकटकीपायी वहिनी आणि दादाची लेक जाऊन घर रिकामं होणार होतं.

बसलो. सत्याऐंशी बटणं, प्रत्येकाखाली एक स्विच. प्रत्येक उघडायचा, आतली टक करणारी दांडी काढायची, मुकी बसवायची, स्प्रिंगला ब्रशने वंगण लावायचं, पुन्हा मिटायचा.

पहिल्यांदा वंगण कमी पडलं. दुसऱ्यांदा जास्त झालं, बटणं चिखलात पाय रुतल्यासारखी उठेनात. तिसऱ्यांदा सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. बोटं तेलकट, मान आखडलेली, डोकं तापलेलं. दोन स्प्रिंगा उडाल्या. दादा म्हणाला तसं, सापडल्या नाहीत.

त्या रविवारी शेवटचा स्विच बसवला. एकेक बटण दाबून पाहिलं.

सगळी मुकी.

“बंद झालं,” असं वहिनींना सांगून हात धुवायला गेलो. नळ उघडला. आणि मागून...

टक. टकटक. टकटकटक...

धावत आलो. खोलीत कुणी नाही. दाबून पाहिलं. मुकंच!

खरं सांगतो, भीती नंतर आली. आधी संताप आला. चार रविवार घातले होते मी यात!

“बंद झालं म्हणाला होतात ना?” वहिनी दारातूनच.

“अहो, मी नाही वाजवत!”

त्यांना नवल वाटलं नाही. वैतागाच्या भरात ते माझ्या लक्षात आलं नाही.

स्विच उपटायचा चिमटा उचलला. सगळे स्विच उपटले. डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, तार काढून टाकली. टेबलावर उरली नुसती पट्टी. सत्याऐंशी मोकळ्या खाचा.

“घे,” मी म्हणालो. “वाज आता.”

...

वाजलं.

डब्यातून नाही. खाचांतून.

भरभर, सलग, ओळखीच्या ठेक्यात. मग मधेच तुटलं.

मी ‘ठक ठक’ची वाट पाहिली.

आली नाही.

पुन्हा पहिल्यापासून. तोच ठेका. तिथेच तुटला.

तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. एकच वाक्य होतं ते. अर्धं.

त्या पट्टीला मी नंतर हात लावलेला नाही. ती अजून तिथेच आहे. आज कुणी टेबलावर सहज बोट आपटलं तरी मी श्वास धरून पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघतो.

त्या रविवारी वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

“तुम्ही हात लावायच्या आधीपासून वाजतंय ते,” त्या म्हणाल्या. “रोज तीनला. खोली रिकामी असली की.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? ते गेले त्या दुपारी मीच ओरडले होते त्यांच्यावर. बंद करा ती टकटक, डोकं उठलंय माझं. आणि... बंद झाली.”

“पण तुम्ही तर झोपला होतात.”

“नव्हते झोपले, भाऊजी. खुर्ची पडल्याचं ऐकलं मी. वाटलं, रागाने उठले असतील. तासभर फिरकले नाही तिकडे.”

खोलीत आता काहीच वाजत नव्हतं.

“टकटक थांबली ना...” वहिनी त्या खाचांकडे बघत म्हणाल्या, “तेव्हा मला बरं वाटलं होतं.”