आजोबांची दहा मिनिटं

शलाकाला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आपले आजोबा नेमकं बनवतात तरी काय?

चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या 'आरंभ' वसाहतीत प्रत्येक जण काही ना काही बनवायचा. न बनवून चालणार कसं? तिथे साधा श्वासही फुकट मिळत नव्हता. शलाकाची आई सुमेधा अंधाऱ्या विवरातला बर्फ फोडून त्याचं पाणी करणाऱ्या पथकाची प्रमुख होती. शेजारचे काका त्या पाण्यातून प्राणवायू वेगळा काढत. समोरच्या काकू हरितगृहात (बंदिस्त दालनातल्या शेतात) मेथी आणि टोमॅटो पिकवत. आजोबांच्या खोलीवर मात्र पाटी होती, 'नीळकंठ आगवेकर, धोरण-संशोधक'.

शाळेत घरच्यांच्या कामाबद्दल बोलायची वेळ आली, तेव्हा शलाका उभी राहिली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "माझे आजोबा धोरण-संशोधन करतात. म्हणजे नियम आणि करार करण्याआधी त्यांचे परिणाम काय होतील हे तपासतात."

"म्हणजे बनवत काहीच नाहीत! नुसते फोन करतात," मागच्या बाकावरून कौस्तुभ म्हणाला आणि वर्ग हसला. शलाकाला ते फार झोंबलं, कारण ते निम्मं खरं होतं. दर सोमवारी आजोबा केल्मारा वसाहतीतल्या मिरेनबाईंना फोन करत. केल्मारा ही डोंगराच्या पलीकडची, दुसऱ्या देशांतल्या लोकांची वसाहत. एकाच विवरातला बर्फ दोघांना हवा, म्हणून मधोमध दिव्यांच्या खांबांची सीमारेषा आखलेली. अशा ठिकाणी खलबतं चालत असतील असं कुणालाही वाटेल. पण शलाकाने कान देऊन ऐकलं, तर आजोबा लिंबाच्या लोणच्याला मीठ किती घालायचं ते सांगत होते.

त्या दिवशी घरी येऊन तिने दप्तर आपटलं. "आजोबा, तुम्ही आजवर काय बनवलंत ते एकदा सांगून टाका."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला नाही. त्यांना राग यायचाच नाही, आणि आईला नेमका त्याचाच राग यायचा.

"गणपतीत तू आरतीला माइक धरून उभी होतीस, आणि एकदम कुईं करून कान फुटायची वेळ आली होती, आठवतं?"

"हो. माइक कर्ण्यासमोर गेला होता."

"मग ओरडलं कोण? माइक की कर्णा?"

शलाका विचारात पडली. "कुणीच नाही. माइकने बारीकसा आवाज घेतला, कर्ण्याने तो मोठा केला. तो मोठा आवाज परत माइकमध्ये गेला. कर्ण्याने तो आणखी मोठा केला."

"याला प्रतिसाद-चक्र म्हणतात (एकाचं उत्तर हेच दुसऱ्यासाठी नवं कारण होणं). आता आपलं राखण-यंत्र घे. आपल्या रक्षणासाठी ते दिवसरात्र सीमेकडे डोळे लावून असतं. त्याच्यापाशी क्षेपणास्त्रं आहेत. केल्माराकडेही तसंच यंत्र आहे. त्यांच्या यंत्राला संशय आला की ते तयारीला लागतं. ती तयारी पाहून आपलं यंत्र तयारीला लागतं. ते पाहून त्यांचं आणखी. दोघंही फक्त स्वतःला वाचवताहेत, आणि तरी लढाई पेटते. याला सुरक्षेची कोंडी म्हणतात (मी सावध झालो की समोरच्याला भीती वाटणं). पूर्वीही ती होती. पण तेव्हा मध्ये माणसं असायची. माणूस घाबरतो, घुटमळतो, कुणाला तरी विचारतो. यंत्रं घुटमळत नाहीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांचं कुईं टोकाला जातं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी आणि मिरेनबाई पंधरा वर्षं दोन्ही पंचायतींच्या मागे लागलो होतो, की माणसाने हो म्हटल्याशिवाय यंत्राने काही डागायचं नाही. कुणी ऐकलं नाही. म्हणाले, माणूस वेळेवर उठलाच नाही तर? शेवटी एवढंच पदरात पडलं, की डागण्याआधी यंत्राने दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात ठरवून दिलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो, त्यांच्याकडे मिरेनबाई आणि आपल्याकडे वसाहतप्रमुख. तो काहीच बोलला नाही, तर यंत्र आपलं आपण ठरवणार."

"पंधरा वर्षांत फक्त दहा मिनिटं?"

आजोबा ओशाळल्यासारखे हसले. शलाकाला वाटलं, हे वर्गात सांगण्यापेक्षा न सांगितलेलंच बरं.

मग दसरा आला. वसाहतीत दसरा दणक्यात व्हायचा. चांदगाड्या धुऊनपुसून उभ्या करायच्या, बर्फ फोडायचे ड्रिल वर उचलून त्यांची पूजा करायची, हरितगृहातल्या एकुलत्या एका आपट्याची पानं पारदर्शक डब्यांत घालून सोनं म्हणून वाटायची. बाहेर हवाच नाही, तिथे खरा झेंडू टिकायचा कसा? म्हणून चकचकीत पत्र्याचे झेंडू कापून त्यांच्या माळा ड्रिलना घालायच्या. सीमोल्लंघन मात्र नावापुरतं, वसाहतीच्या फाटकापर्यंत.

"हे कसलं सीमोल्लंघन?" शलाका सभेत म्हणाली. "खऱ्या सीमेपलीकडे जाऊन केल्माराच्या लोकांना सोनं देऊ या की!"

सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं. वसाहतप्रमुख इंदुलकरबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. आईने लगेच सगळ्यांत पुढची गाडी आपण चालवणार म्हणून सांगून टाकलं. आजोबा एवढंच म्हणाले, "आधी पलीकडे कळवायला हवं." इंदुलकरबाई हसल्या. "अहो, कळवलं तर त्यांना अचानक आनंद कसा होणार? आणि दसऱ्याला कोण कुणावर संशय घेतं?"

आजोबांनी पुन्हा सांगून पाहिलं. पण दसऱ्याच्या गडबडीत त्यांचं कोण ऐकणार! आणि वसाहतीचा बेत परस्पर पलीकडे कळवायची त्यांना मुभा नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी वीस चांदगाड्या ओळीने निघाल्या. मुलांना बाहेर जायची परवानगी नव्हती, म्हणून शलाका आजोबांच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती. ड्रिल उभे केलेले, माळा उन्हात झगमगताहेत, रेडिओवर गाणी चाललेली. पहिल्या गाडीने दिव्यांचे खांब ओलांडले आणि शलाकाने टाळी वाजवली.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात केल्माराच्या यंत्राची स्थिती दाखवणारा पिवळा दिवा लागला. लगेच नारिंगी. काय झालं हे विचारायला तिने तोंड उघडलं, तोवर तो लाल झाला होता.

आजोबा ताडकन उठले. इंदुलकरबाई धावत आत आल्या. "केल्माराची क्षेपणास्त्रं बाहेर आलीत! आपलं यंत्रही लाल झालंय. नीळकंठराव, हे काय चाललंय?"

"कुईं," शलाका पुटपुटली.

पडद्यावर दहा मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली होती. आजोबांनी फोन उचलला. मिरेनबाई पलीकडे बसलेल्याच होत्या. भाषांतर-यंत्रातून त्यांचा आवाज आला, "नीळकंठ, तुमच्या वीस गाड्या आमच्या हद्दीत आहेत. रांग धरून, ड्रिल उगारून. आणि ड्रिलवर काहीतरी चमकतंय, रडारला ती नवी कवचं वाटतात. आमच्या यंत्राने असं कधी पाहिलेलंच नाही."

"ते पत्र्याचे झेंडू आहेत हो, मिरेनबाई! सण आहे आमचा. पहिल्या गाडीत माझी सुमेधा आहे."

"त्यांना मागे बोलावते," म्हणत इंदुलकरबाई रेडिओकडे वळल्या.

"नको!" मिरेनबाई म्हणाल्या. "वळायला गाड्या दोन्ही बाजूंना पसरतील. यंत्र त्याला वेढा समजेल आणि पुन्हा सगळा हिशोब नव्याने सुरू होईल. जिथे आहेत तिथेच थांबवा."

गाड्या थांबल्या. रेडिओवरची गाणीही थांबली.

"आता तुम्ही 'नाही' म्हणा ना, मिरेनबाई," आजोबा म्हणाले. शलाकाने त्यांना असं विनवताना कधी ऐकलं नव्हतं.

"मी तुम्हाला ओळखते, नीळकंठ. पण माझ्यामागे तीनशे माणसं आहेत, पोरंबाळं आहेत. ती तुम्हाला ओळखत नाहीत. सण आहे असं हल्ला करणाराही म्हणेल. नुसत्या शब्दावर मी त्यांचे जीव कसे टांगू? मला असं काहीतरी दाखवा, जे हल्ला करणारा कधीच करणार नाही."

"पडताळणी," आजोबा हळूच म्हणाले (म्हणजे बोललेलं खरं आहे की नाही ते डोळ्यांनी तपासून घेणं). ते आयुष्यभर हा शब्द लिहीत आले होते. आता तो शब्द समोर उभा होता आणि त्यांना काही सुचत नव्हतं. डोळ्यांपुढे एक सुमेधाच दिसत होती. आकडा घसरत चालला होता.

शलाकाला रडू फुटत होतं. सीमेपलीकडे जायची कल्पना तिची. आई तिच्यामुळे तिथे होती. हल्ला करणारा काय करणार नाही? तो सोनं देणार नाही. पण गाडीत बसून कुणी सोनं देतं का? दसऱ्याला आपण लोकांच्या दारात चालत जातो.

"आजोबा," ती ओरडली, "त्यांना उतरायला सांगा! गाड्या बंद करून, ड्रिल खाली ठेवून, सगळ्यांनी चालत पुढे जायचं. हल्ला करणारा आपली गाडी सोडून चालत येईल का?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग इंदुलकरबाईंकडे. इंदुलकरबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "गाडी सोडली तर आडोसासुद्धा उरणार नाही त्यांना," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तर त्याला किंमत आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी रेडिओ शलाकाच्या हातात दिला.

"आई, मी बोलतेय. सगळ्यांना गाड्या बंद करून खाली उतरायला सांग. हातात फक्त सोनं घ्या आणि त्यांच्याकडे चालत जा."

"शलाके, समोर त्यांची क्षेपणास्त्रं दिसतायत मला." आईचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच शलाकाला भीती वाटली. "बाबा, तुम्हालाही हेच म्हणायचंय?"

मुलीला उघड्यावर उतरायला सांगायचं म्हणजे काय, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

"उतर, सुमे," आजोबा शेवटी म्हणाले.

पडद्यावर पहिल्या गाडीचे दिवे मालवले. ड्रिल खाली आला. एक पांढरी आकृती जमिनीवर उतरली, मग दुसऱ्या गाडीतून दुसरी. बघता बघता सगळे उतरले. गाड्या मागे सोडून, चिमुकल्या डब्या पुढे धरून ती माणसं उतारावरून चालत निघाली. शलाकाने आजोबांचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यांच्या बोटांवर वळ उठले.

फोनमधून मिरेनबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या कुणाशी तरी त्यांच्या भाषेत मोठ्याने बोलल्या. आणि मग एकच शब्द आला, जो भाषांतर-यंत्राशिवायही सगळ्यांना कळला असता.

"नाही."

केल्माराचा दिवा लालवरून नारिंगी झाला. इंदुलकरबाईंनीही आपल्या यंत्राला 'नाही' सांगितलं. त्यांचं यंत्र निवळलं म्हणून आपलं निवळलं, आपलं निवळलं म्हणून त्यांचं आणखी. शलाका थक्क होऊन बघत राहिली. जे चक्र चढत गेलं होतं, तेच आता उतरत होतं.

"आजोबा, हे उलटंही फिरतं!"

"फिरतं तर! पण कुणाला तरी आधी थांबावं लागतं. आणि थांबायला वेळ लागतो." एवढं बोलून आजोबा खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. शलाकाही रडली. इंदुलकरबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पलीकडून एक ठेंगणी आकृती चालत आली आणि तिने आईच्या हातातली डबी घेतली. त्या मिरेनबाईंच्या पंचायतीतल्या सर्वांत वयस्कर बाई होत्या, हे नंतर कळलं. आत पान आहे एवढंच त्यांना समजलं. चंद्रावर पान ही काही लहान गोष्ट नाही.

पुढच्या काही महिन्यांत दोन्ही पंचायतींनी सगळा प्रसंग क्षणाक्षणाने तपासला. चूक कुणा एकाची नव्हती, म्हणून शिक्षा कुणालाच झाली नाही. पण नियम बदलला. माणसाने हो म्हटल्याशिवाय आता कुठलंच यंत्र काही डागणार नव्हतं, मग कितीही वेळ लागो. शिवाय एकमेकांचे सणवार एकमेकांना आधी कळवायचे ठरले. केल्माराचा एक सण तर असा निघाला, की त्या दिवशी ते चक्क आकाशात जळते गोळे सोडतात. ते ऐकून इंदुलकरबाईंनी कपाळाला हात लावला.

वर्गात घरच्यांच्या कामाबद्दल बोलायची वेळ पुन्हा आली, तेव्हा शलाका आपणहून उभी राहिली.

"माझ्या आजोबांनी दहा मिनिटं बनवली," ती म्हणाली. "माझी आई त्या दहा मिनिटांतून घरी आली."

कुणी हसलं नाही. कौस्तुभची आई तिसऱ्या गाडीत होती. त्याने विचारलं, "अशी मिनिटं आपल्यालाही बनवता येतील का?"

"येतील ना," शलाका म्हणाली. "पण त्यासाठी आधी खूप फोन करावे लागतात."

त्या सोमवारी आजोबांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. दहा-बारा मुलं फोनभोवती दाटीवाटीने बसली होती. पलीकडूनही मुलांचा गलका ऐकू येत होता. लोणच्याला मीठ किती घालायचं, तिथूनच सुरुवात झाली.