पेटीवाली आणि भूकंप

"शिंकू नका!"

समोरच्या दारातून एक तरुण दोन्ही हात पसरून धावत आला, आणि तिला शिंक आलीच. येणारी शिंक काय कुणाची परवानगी घेते? हातात जड पेटी, नाकात जिन्यातली धूळ... ती सणसणीत शिंकली. तरुणानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"गेला," तो हळूच म्हणाला. "सकाळपासूनचा आलेख गेला."

"माझ्या शिंकेनं?"

"आमचं यंत्र जमिनीचा कंप मोजतं हो. बाहेर कुणी पाय आपटला तरी त्याला कळतं."

"मग मला तुम्हीच हवे आहात," ती म्हणाली आणि लगेच तिचे कान तापले. "म्हणजे — यंत्र हवंय! त्याला जोडायचा संगणक आणलाय. हा, या पेटीत."

अशी ओळख झाली. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'भूकंप' म्हणत, कारण त्याच्याइतका शांत माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. तिलाही चार दिवसांत 'पेटीवाली' हे नाव चिकटलं. पेटी तिनं आणि तिच्या दादानं घरामागच्या खोलीत तयार केली होती. आराखडा तिचा, जोडकाम दादाचं. कंपमापकाला जे जाणवेल ते त्याच क्षणी टिपायचं आणि पडद्यावर रेघ काढायची, एवढंच पेटीचं काम. पण एक कंपही निसटता कामा नये. शुक्रवारी चाचणी होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, 'पास' म्हणाल्या तर आणखी पेट्यांचं काम मिळणार होतं. नाही म्हणाल्या तर दादा पुन्हा नोकरी शोधणार आणि खोलीला कुलूप लागणार.

आणि नेमके आत्ताच रेघेला दाते फुटायला लागले! बारीक, एकसारखे, करवतीला असतात तसे. तिनं तारा बदलल्या. वीजजोडणी बदलली. विजेचा त्रास नको म्हणून दिवे बंद करून भूकंपाच्या शेजारी बसून पाहिलं. अंधारात बसणं तसं वाईट नव्हतं, पण दाते उलट वाढले. दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "घोडं कुठं पेंड खातंय ते बघ गं बाई, माझा जीव टांगणीला लागलाय."

शुक्रवारी शोध लावला तो मोठ्या बाईंनी.

"तुम्ही जरा बाहेर जा बरं," त्या म्हणाल्या. ती गेली. दाराच्या काचेतून तिला पडदा आणि टेबलाशी बसलेला भूकंप दिसत होता. रेघ सरळ झाली! "या आत." पुन्हा दाते. "बाहेर." सरळ.

"दोष तुमच्यातच आहे," बाई म्हणाल्या. "मी चहा घेऊन येते. तोवर सापडला तर ठीक, नाहीतर पेटी घरी न्या."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं फोन बाहेर ठेवला, घड्याळ काढलं, बूट काढले. केसांतली पिन काढायला गेली, तर ती हातातून सुटून टेबलाखाली गेली. ती वाकली... आणि तशीच राहिली.

टेबलाखाली एक टाच शिलाई यंत्रासारखी वरखाली होत होती.

"अहो," ती तिथूनच म्हणाली, "हा पाय तुमचा?"

"कुठला? ...अरे देवा!"

पाय थांबला. रेघ सरळ झाली. मग ती मोकळ्या केसांनी टेबलाखालून बाहेर आली, आणि दाते पुन्हा सुरू.

"थांबवा ना!"

"थांबवतोय... ऐकत नाहीये."

"मी बाहेर गेले की बरा ऐकतो!"

त्यानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. पडद्यावरचे दाते मात्र भराभर उंच होत चालले होते.

"मला तुम्ही आवडता," तो एका दमात म्हणाला. "फार. पहिल्या शिंकेपासून. पण पाय हलतो हे — खरंच माहीत नव्हतं. बाईंना सांगून टाका."

"सगळी इमारत हसेल तुम्हाला."

"हसू दे. पेटी पास व्हायला हवी."

तेवढ्यात बाई आल्याच. ती तोंड उघडायच्या आत तो उठून उभा राहिला. "बाई, पेटीत दोष नाही. दोष माझ्या पायात आहे. या आल्या की तो हलतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला.

"पायाची चुळबुळसुद्धा टिपते? पेटी पास," त्या म्हणाल्या. "आता दोघंही बाहेर व्हा. मला जमीन मोजायचीय."

बाहेर दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. तिचे बूट तिच्या हातातच होते. दादाला फोन करायचा होता, भूकंपाला उत्तर द्यायचं होतं. तिनं नुसता त्याचा हात धरला.

आतून बाईंचा आवाज आला, "अहो, आणखी लांब जा! आता तर दोन पाय दिसतायत!"

त्यानं दचकून खाली पाहिलं. "एक माझा. दुसरा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली, आणि तिनं तो थांबवला नाही.