मुलीला वळण आहे

पावसाची भुरभुर चालू होती, वायपर कुरकुरत होते आणि चौकात वळण्यासाठी मी बस थांबवली होती. झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला निळी छत्री घेऊन एक माणूस उभा होता. त्याने माझ्याकडे बघून हळूच मान लववली.

मी आरशात बघितलं. मागे नुसता पोरांचा गलका. म्हणजे ती मान माझ्यासाठीच होती... मी हाताने 'या' म्हटलं. तो रस्ता ओलांडून समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरला आणि मी बस वळवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

"कोण गं हा?" मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आमच्या मावशींनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"रोज मान लववतो आणि म्हणे काय ठाऊक. मग गालावर लाली कसली?"

"पुढच्या गाडीच्या ब्रेकच्या दिव्याची."

मी शाळेची बस चालवते आणि चांगली चालवते. हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. वडील ट्रकवर होते, त्यांनीच शिकवलं. पळवता कुणालाही येतं, थांबवता आली पाहिजे, असं ते म्हणायचे. आत्याचं मत वेगळं. "दिवसभर स्टिअरिंग फिरवणाऱ्या पोरीला काय वळण असणार?" असं ती चारचौघांत म्हणायची, आणि तरी स्थळंही तीच आणायची. प्रत्येक स्थळाचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे – लग्नानंतर हे सोडाल ना? मी दर वेळी स्थळ सोडलं.

आम्हा ड्रायव्हरांना वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावे लागतात. चौकातलं दुकान सोयीचं होतं. निदान मावशींना तरी मी तसंच सांगितलं.

आतल्या अंधाऱ्या खोलीत निळ्या छत्रीवाल्याने भिंतीवरच्या अक्षरांवर दिवा लावला.

"शेवटची ओळ वाचा."

वाचली.

"आता उलटी वाचा."

उलटीही वाचली. मग तो माझ्याकडे वळला.

"एक विचारू? रोज तुम्हीच आधी मान लववता. मग इथे अनोळखी असल्यासारख्या का बसलात?"

"मी? मी कधी मान लववली?"

"रोज. वळण्याआधी. कधी कधी तर दोनदा."

आणि मला हसू आवरेना. "अहो, ते तुम्हाला नाही. बसच्या पुढच्या काचेच्या कडेला खांब असतो ना, तो आणि बाहेरचा आरसा मिळून अख्खा माणूस झाकतात. म्हणून वळण्याआधी पुढे वाकायचं, मागे रेलायचं, पलीकडे कोणी नाही ना ते बघायचं. मगच चाक हलवायचं."

अंधारातसुद्धा त्याचे कान लाल झालेले दिसले. "म्हणजे इतके दिवस मी खांबाला उत्तर देत होतो?"

"हो. आणि तुम्ही उभे राहता ना... नेमके त्या खांबामागेच."

"म्हणजे रोज मला शोधायला वाकता?"

"रोज," मी म्हटलं. शब्द तोंडातून निघून गेला होता.

त्याने हातातली काच पुसून ठेवली. "तुम्हाला चष्म्याची गरज नाही," तो म्हणाला. "मला मात्र चहाची आहे."

मग शाळा सुटल्यावर, बस रिकामी करून उभी केली की चहा होऊ लागला. मला तो आवडला होता, फार आवडला होता. म्हणूनच भीती वाटत होती. एक दिवस मी सरळ विचारून टाकलं.

"स्टिअरिंग सोडायला सांगणार?"

"मी तुम्हाला पाहिलं तेच स्टिअरिंगमागे," तो म्हणाला. "ते काढलं तर मी ओळखायचं कसं? पण... आईच्या मनात तुमच्या या कामाबद्दल अजून शंका आहे. तिला तुम्हाला बघायचंय."

"घरी येऊ?"

"नाही. चौकात. काम करताना."

"बसमध्ये मुलं असताना मी कुणासाठी काही वेगळं करणार नाही."

"तेच तर तिला दाखवायचंय."

त्या सकाळी दोघं कडेला उभे होते. आई एक पाऊल पुढे टाकायच्या, एक मागे. नजर छत्रीकडे. माझा नियम साधा आहे – चालणाऱ्याच्या नजरेला नजर मिळाल्याशिवाय बस हलवायची नाही. मी थांबले. मागचा मोटारवाला घराला आग लागल्यासारखा हॉर्न बडवू लागला.

"अगं, चल की," मावशी म्हणाल्या.

"त्यांनी बघितलं नाही अजून."

आईंनी वर बघितलं. मी हात केला. लेकाचा दंड धरून त्या सावकाश पलीकडे गेल्या. मी पुढे वाकले, आणि खांबाआडून रेनकोटवाला एक सायकलस्वार सुसाट बाहेर आला. बसच्या तोंडावरून तो निघून गेला. माझा पाय ब्रेकवरच होता. मी पुन्हा वाकून बघितलं. रस्ता मोकळा होता. पलीकडून आईंनी मान लववली... आणि मी तिसऱ्यांदा वाकले.

संध्याकाळी तो आला तो हसतच.

"आई म्हणाली, मागून एवढे भोंगे वाजताहेत, मध्येच तो सायकलवाला, तरी पोरगी जागची हलली नाही. वर मला मान लववली. मुलीला वळण चांगलं आहे हो."

"खांबाचं सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगणार होतो. पण मी मोजत होतो. पहिल्यांदा वाकलात तेव्हा सायकल. दुसऱ्यांदा रस्ता. आणि तिसऱ्यांदा?"

मी उगाच किल्लीशी चाळा करत राहिले.

"तिसऱ्यांदा... बस थांबलेलीच होती," मी म्हटलं. "आणि खांबामागे कोणी नव्हतं."

त्याने माझ्या हातातली किल्ली घेतली नाही. किल्लीसकट हात धरला.

घरी जाऊन आत्याला फोन लावला. तिच्या होणाऱ्या विहीणबाईंचे शब्द जसेच्या तसे ऐकवले.

"आणि ते स्टिअरिंग?" मग तिने विचारलं.

"उद्या सकाळी पहिली फेरी आहे, आत्या," मी म्हटलं. "लवकर झोपते."