शेवटच्या खाचेतला कोरडा

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाही. जे झालं ते माझ्याच कानांनी ऐकलं, माझ्याच नाकाने हुंगलं. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

ऑगस्ट १९८१. मंगळवार. भर दुपारचे दोन. सातासमुद्रापार, टॉरन्स.

समुद्रापासून चार मैलांवर गाण्यांच्या तबकड्या छापायचा एक छोटा कारखाना होता. छपाईआधी नमुन्याची तबकडी ऐकायची, खरखर नसेल तर पाकिटावर सही करायची, हे माझं काम. आडनाव रेगे. तिथे सगळे 'रेजी' म्हणायचे.

त्या दुपारी किप लंडग्रेन आला. लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या पोरांच्या बँडचा गायक. गिटार खळाळती, ढोल घाईचे, आणि शब्द असे की हसून पोट दुखावं. टिंगल कुणाची, तर आतल्या गावांतून किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांची. त्यांना ही पोरं 'कोरडे' म्हणत. अल्बमचं नावच होतं, 'कोरड्यांनो, घरी जा'.

"रेजी, दुसऱ्या बाजूचा शेवट ऐक. सुई उचलेपर्यंत संपतच नाही!"

मी हेडफोन चढवला, सुई टेकवली. शेवटची खाच गोल मिटवलेली होती, सुई तिथेच फिरत राहायची. दोन सेकंदांचा तुकडा, पुन्हा पुन्हा.

"वाचवा!"... आणि पोरांचं खिदळणं.

"वाचवा!"... खिदळणं.

मी हसलो. खोटं कशाला बोलू? चांगला मोठ्याने हसलो.

"कोण रे हा?"

"खराखुरा कोरडा! आम्ही धक्क्यावर टेपवर आवाज भरत बसलो होतो. कमरेएवढं पाणी, आणि ह्याची नाटकं बघ!"

"मग? बाहेर आला ना?"

"आला असेल की."

"असेल म्हणजे?"

"टेप संपली, आम्ही टाको खायला गेलो. तू काय पोलीस आहेस? सही कर ना बाबा, गुरुवारी छपाई आहे."

तबकडी अजून फिरतच होती.

कीर्तनात बुवा एकच चरण घोळवत राहतात, आणि दर खेपेला आपल्या आत काहीतरी मऊ होत जातं. इथेही एकच ओळ घोळत होती... आणि मला शिसारी येत होती. त्यांची. माझीही.

सुई उचलायला हात पुढे केला...

आणि थांबलो.

खिदळणं बंद झालं होतं.

मिटलेल्या खाचेत दुसरं काही वाजूच शकत नाही. तेच दोन सेकंद, दुसरं काही नाही. पण आता फक्त तो माणूस होता. घशात पाणी शिरल्यासारखा... गुळगुळ... गुळगुळ...

मग तेही नाही.

मग अगदी कानाशी...

"किप."

मी हेडफोन काढून किपच्या कानाला लावला. तो पांढराफटक पडला.

"त्याला माझं नाव माहीत नव्हतं, रेजी... आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं..."

तेवढ्यात वास आला. सडक्या शेवाळाचा, फुगलेल्या माशांचा. छपाईयंत्रावरची मार्वेला नाक दाबत दारात आली.

"शी! काय आणून टाकलंत रे मेल्यांनो? आधी उचला ते!"

मी सुई उचलली.

टोकाला काळपट, बुळबुळीत गोळा लोंबत होता. त्यात वाळू होती... आणि माणसाचे केस.

मी कचऱ्याच्या डब्यात ओकलो.

किपने माझ्यासमोरच पोलिसांना फोन लावला, टेप नेऊन दिली. जूनमध्ये धक्क्याखाली एक बेवारस प्रेत सापडलं होतं. बेकर्सफील्डच्या एका बाईने टेप ऐकली आणि भावाचा आवाज ओळखला. प्रेताला नाव मिळालं.

मला वाटलं, सुटला बिचारा.

पुढच्या आठवड्यात नवी नमुना तबकडी आली. आरोळी काढून टाकलेली. शेवटची खाच कोरी. सहीसाठी मी सुई टेकवली.

शांत...

शांत...

मग एका माणसाचं हसणं. एकट्याचं. चांगलं मोठ्याने.

पोरांपैकी कुणाचं नव्हतं ते.

माझं होतं.

मी सही केली नाही. त्याच दिवशी नोकरी सोडली.

आजही कीर्तनात बुवा विनोद करतात, सगळी सभा खळखळून हसते, आणि मी तोंड घट्ट मिटून बसतो. चुकून हसलोच...

तर दाताखाली वाळू लागते.