एक पाऊल मागे

"एक प्रत एकदाच ऐकायची. दुसऱ्यांदा लावलीस, तर समजून घे की तू दोष शोधत नाहीस, दुसरंच काहीतरी शोधते आहेस." मला काम शिकवणाऱ्या बाई असं म्हणायच्या आणि म्हणताना पेन्सिलीनं माझ्या मनगटावर हलकेच टकटक करायच्या. त्या निवृत्त झाल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मी रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकण्याचं काम करते. दर शंभर तबकड्यांमागे एक माझ्याकडे येते. खोली लहान, भिंतींना जाड करडं कापड, खिडकी नाही. टेबलावर प्लेअर, हेडफोन आणि हिरव्या कागदाचे तक्ते. कुठे खरखर, कुठे टिचकी, कुठे सुई अडकते, ते मिनिट-सेकंदासकट लिहायचं. काही नसेल तर 'दोष नाही' आणि सही. गाणं चांगलं की वाईट, हे विचारायला त्या तक्त्यात रकानाच नाही. मला ते सोयीचं होतं. पहाटे स्नान, एक माळ जप, तोवर मौन आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. कुणी मत विचारलं की नेम धोक्यात येतो.

माझ्या धाकट्या भावाला घरात भोंगा म्हणतात. पाळण्यात रडायचा तेव्हा आजूबाजूची चार घरं जागी व्हायची. मोठेपणी त्याच आवाजावर तिघांचा बँड उभा राहिला. सायकेडेलिक रॉक. मला त्यातलं कळत नाही, पण एकदा गेले होते. एकच गाणं चाळीस मिनिटं चाललं. पडद्यावर पाण्यातल्या तेलासारखे रंग फिरत होते, गिटार समोर वाजायची आणि पाठीमागून ऐकू यायची. भोंग्याचा आवाज तर पाठीवरून हात फिरवावा तसा सगळ्या सभागृहातून गेला. बाहेर पडल्यावर एक गृहस्थ स्वतःची गाडी समोर असून ती शोधत होते. सात वर्षं हेच चाललं होतं. पेपरांत कौतुक, तिकिटांना रांगा. रेकॉर्ड मात्र नव्हती.

पहिला अल्बम आमच्याच कारखान्यात छापायला आला तेव्हा तो म्हणाला, "तूच ऐक हं ताई. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. नोकरी सोडलीये मी याच्यासाठी. हा पडला तर मी कोण, ते मलाच सांगता यायचं नाही."

सकाळी अकराला मी पहिली प्रत लावली. बेचाळीस मिनिटं. एक टिचकी नाही, सूर सगळे जागच्या जागी. आणि तरी पाहुणे उठून गेल्यावर मागे राहिलेल्या खुर्च्यांसारखं वाटत होतं सगळं. तो गात होता, पण गाण्यात नव्हता. मी हेडफोन काढून ठेवले. मग 'दोष नाही' लिहिलं. ते खोटं नव्हतं.

"कसा झालाय?" घरी पोचताच त्यानं विचारलं.

"स्वच्छ आहे."

"स्वच्छ तर ताटही असतं, ताई. जेवण कसंय?"

"तिला काय विचारतोस?" आई आतून म्हणाली. "तिला भजनातसुद्धा खरखर ऐकू येते."

तो हसला, पण माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तीच प्रत पुन्हा लावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझंच काही चुकलं असेल, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या गाण्यात माझा हात थांबला. भोंग्याचा आवाज माइकपासून एक पाऊल मागे होता.

सुई झिजली की आवाज फाटतो, मंद होतो. मागे सरकत नाही. मी कपाटातून दुसरी प्रत काढली, कधीच न वाजलेली. तीही तशीच. पुन्हा पहिली लावली, तिसऱ्यांदा. आता तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि शेवटच्या गाण्याच्या मागे कुठेतरी दाराची बिजागरी वाजली.

त्या दिवशी जेवताना आई त्याला म्हणाली, "असा हळू काय बोलतोस? घसा बसला का?"

"नाही," तो म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. घसा ठणठणीत होता.

अल्बम बाजारात गेला. एका पेपरनं लिहिलं, 'सभागृहांची छतं उडवणाऱ्या या तिघांनी घरात पंखासुद्धा हलवला नाही.' बाकीचेही तेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत. पण ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं त्यांचा विश्वास बसेना. आपलीच गफलत झाली असेल, म्हणून लोक रेकॉर्ड पुन्हा लावत होते. कुणी दिवे घालवून, कुणी स्पीकर बदलून. भोंग्याचे मित्र फोन करून त्याला हे सांगायचे. तो उत्तर द्यायचा आणि पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू यायचं.

एका रविवारी दुपारी तो माझ्या कानाशी येऊन बसला. त्याचा गरम श्वास मला लागत होता, इतका जवळ. तरी शब्द पलीकडच्या गल्लीतून यावेत तसे आले.

"ताई, जेव्हा जेव्हा कुणी लावतं ना, मला एक पाऊल मागे जावं लागतं."

"मागे म्हणजे कुठे?"

"तेच तर दिसत नाही." त्यानं माझा हात धरला. बोटं कोमट होती. "मी अगदीच ऐकू येईनासा झालो तर तू ऐकायचं सोडणार नाहीस ना?"

"नाही सोडणार."

"वचन?"

"वचन," मी म्हटलं. आतापर्यंत मीही ती रेकॉर्ड किती वेळा लावली होती, ते त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

महिनाभरात दुकानांनी माल परत पाठवला. लोकांनीही आपापल्या प्रती दुकानांत आणून दिल्या होत्या. आमच्या गोदामात खोक्यांची भिंत उभी राहिली. ती बघून मला काय करायचं ते कळलं. निदान मला तेव्हा कळल्यासारखं वाटलं. वाजवायला प्रतच उरली नाही, तर त्याला मागे कोण ढकलणार?

"सगळ्या दळून टाका," मी फोरमनना म्हटलं.

"तुमच्या भावाच्या आहेत ना?"

"म्हणूनच सांगतेय."

परत आलेल्या रेकॉर्डचं आमच्याकडे असंच करतात. मधला लेबलाचा गोल कापून काढायचा, उरलेली तबकडी चक्कीत टाकायची. खाली काळे दाणे पडतात. ते जुन्या दाण्यांच्या पिंपात मिसळतात आणि त्यातूनच पुढच्या तबकड्या छापतात. मी शेवटचं खोकं रिकामं होईपर्यंत चक्कीपाशी उभी होते. फार दिवसांनी जीव हलका झाला होता.

घरी आले तर आई जिन्याच्या पायथ्याशी उभी. "केव्हाची हाका मारतेय. वर आहे, पण ओ देत नाही."

त्याचे बूट दारात होते. वरच्या खोलीची खिडकी आतून लावलेली. गिटार भिंतीशी. चहाच्या कपातून अजून वाफ येत होती.

आठ दिवस आम्ही शोधलं. पोलिसांनी बूट नीट पाहिले आणि जागच्या जागी ठेवले.

नवव्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून आईकडे बघवत नव्हतं. टेबलावर नव्या मालातली प्रत होती, एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकाची. पहिली चीज संपली. दुसरी सुरू व्हायच्या आधी चार सेकंद शांतता असते.

त्या शांततेत कुणीतरी नाकानं श्वास घेतला. गाणं उचलायच्या आधी भोंगा घेतो, तसा.

मी पुढच्या शंभरातली प्रत मागवली. त्यात एक पाऊल वाजलं. तिच्या पुढचीत, "ता". एवढंच.

हिरवा तक्ता समोर होता. दोष लिहिला तर सगळा माल पुन्हा चक्कीत जाणार होता. आणखी बारीक तुकडे होणार होते. मी 'दोष नाही' लिहिलं आणि सही केली. या वेळी ते खोटं होतं.

मग फोरमनकडे गेले. "हा माल दोन दिवस अडवून ठेवा. सगळ्या प्रती माझ्याकडे पाठवा."

"सगळ्या? ताई, दोन हजार आहेत. कान जातील तुमचे."

"असू द्या."

"काय शोधताय एवढं?"

"ऐकायचंय," मी म्हटलं.

त्यांनी हातगाडीवरून खोकी आणून दिली. मी दार लावलं, पदर खोचला आणि पहिलं खोकं उघडलं. सहाव्या प्रतीत तो पूर्ण बोलला. अगदी जवळून, हेडफोनच्या आत तोंड घालून बोलावं तसा.

"ताई, या पिंपात कितीजण आहेत गं. सगळे विचारतायत, तू कुणाची ताई."

मी सुई उचलली, ती प्रत बाजूला ठेवली आणि सातवी लावली.