पंचवीसच्या खाली टेम्पो हलत नाही

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याच्या दुकानात येऊन कोणी खुर्च्या मागत असेल, तर तो एक तर वेडा असतो, नाही तर बोटीवरून नुकताच उतरलेला असतो. हर्षद दोन्ही होता.

मी काउंटरवर बसून फोनवर एका नवरदेवाच्या मामाशी भांडत होते. मामांना लाल सोफा हवा होता, आणि लाल सोफा सकाळीच पावसच्या एका लग्नाला गेला होता. तेवढ्यात हा समोर येऊन उभा राहिला. उंच, रापलेला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला... आणि चेहऱ्यावर असं निवांत हसू, जसं काही दुनियेत घाई नावाची गोष्टच नाही.

"उद्यासाठी चाळीस खुर्च्या, चार टेबलं, आणि ती फुग्यांची कमान असते ना, ती."

मी फोन ठेवला. "उद्या काय आहे माहितेय का?"

"भाचीचा पहिला वाढदिवस."

"उद्या साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. अख्ख्या रत्नागिरीत उद्या कोणाचीच खुर्ची रिकामी नाही."

"म्हणून तर तिचं नाव अक्षया. गेल्या वर्षी ह्याच तिथीला झाली." त्यानं बाहेर बोट दाखवलं. "आणि तुमच्या बोर्डावर लिहिलंय, सर्व प्रकारचे सामान वेळेवर मिळेल."

"तो बोर्ड माझ्या बाबांनी लिहून घेतला. त्यांना खोटं बोलायची सवय होती."

तो इतका मोठ्यानं हसला की गोडाऊनमधून आमचे केरूकाका डोकावले. केरूकाका म्हणजे आमचा टेम्पो चालवणारे, बाबांच्या वेळेपासूनचे. बाबा गेल्यापासून चार वर्षं दुकान मी बघते आणि मला केरूकाका बघतात. ते म्हणाले, "बाय, मागं त्या जुन्या लोखंडी घडीच्या खुर्च्या हायत की. पुसून दिल्या तर चालतील."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण मनातून... खरं सांगू? बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच टेम्पोत बसून भाट्याला गेले. लग्नांची चार कामं सोडून मी एका वर्षाच्या पोरीचे फुगे लावायला का गेले, हे केरूकाकांनी विचारलं नाही, तेवढे ते शहाणे आहेत. हर्षदचं घर सुरूच्या बनाला लागून. समुद्राचा वारा असा की एक फुगा बांधावा तर दोन सुटावेत. हर्षद दोऱ्याचं बंडल घेऊन माझ्या मागे मागे.

"गाठ अशी नाही मारायची," तो म्हणाला. "द्या इकडे. बोटीवर पहिली हीच शिकवतात."

त्यानं गाठ मारली. बोटं लांब होती त्याची, आणि चपळ. मी कमानीकडे बघतेय असं दाखवत बोटांकडे बघत होते.

"सुटेल," मी म्हटलं.

"सुटली तर बोटीवरून काढून टाकतील मला."

"मग तर सुटायलाच हवी."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यानं दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं... जरा जास्तच सावकाश.

निघताना म्हणाला, "दहा तारखेला पुन्हा हेच सामान हवंय."

"कशाला?"

"अक्षयाचा वाढदिवस."

"झाला की आज!"

"हा तिथीने झाला. आईची हौस. दहा मेला तारखेने. भावोजी मुंबईहून येतायत, त्यांना केक कापायचाय."

"एका पोरीचे दोन वाढदिवस?"

"तिसरा पण करू, कुठल्या पंचांगात सापडला तर," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मधल्या दहा दिवसांत तो चार वेळा दुकानात आला. एकदा खुर्च्यांच्या कव्हरांचा रंग बघायला, एकदा तोच रंग पुन्हा बघायला. तिसऱ्यांदा घरचे रायवळ आंबे घेऊन आला आणि चौथ्यांदा आंबे गोड होते का, हे विचारायला. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मी त्याला एकही सरळ उत्तर दिलं नाही. माझी ती खोडच आहे, मनातलं ओठांवर आलं की त्याची मस्करी होते. आई म्हणते, हिच्या तोंडाला कुलूप घालायला हवं. मला वाटतं कुलूप आहेच, फक्त ते हसतं.

दहा मेला केक कापून झाला, पाहुणे गेले. आम्ही दोघं खुर्च्या घडी करत होतो. खाडीच्या बाजूनं ऊन कललं होतं.

"मृणाली, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मला नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "बोटीचंही बोलावणं आलंय. सतरा तारखेपर्यंत दोघांपैकी एकाला हो म्हणायचंय."

"मग?"

"मग... तुला काय वाटतं?"

मी एक खुर्ची धाडकन मिटली. "मला वाटतं, तू घडी उलटी घातलीयस."

तो हसला, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नाही ते.

दोन दिवसांनी तो पुन्हा काउंटरसमोर. "सतरा तारखेला संध्याकाळी चारला. एक टेबल, दोन खुर्च्या."

"पंचवीसच्या खाली टेम्पो हलत नाही आमचा."

"मग पंचवीस दे. बसणार दोघंच."

"वाढदिवस कुणाचा?"

"माझा."

"तिथीने की तारखेने?"

"तू म्हणशील तसा," तो म्हणाला. मग हळूच, "लावायला तू ये. केरूकाका नकोत. आणि एकच शब्द सांग. थांब म्हणालीस तर थांबतो."

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? सांगते.

माझे बाबासुद्धा बोटीवर होते. मी तीन वर्षांची असताना आईनं रडून रडून त्यांना बोट सोडायला लावली, मग त्यांनी हे दुकान टाकलं. त्यानंतर आमच्या घरात भात करपला तरी, गिऱ्हाईक परत गेलं तरी, बाबांच्या तोंडी एकच शब्द असायचा, "तुझ्यामुळे." तुझ्यामुळे बोट सोडली. तुझ्यामुळे लोकांच्या लग्नात खुर्च्या वाहतोय. आई खाली मान घालून ऐकायची. मी लहानपणापासून ठरवलं होतं, आयुष्यात काहीही झालं तरी हा शब्द मी कोणाला म्हणू देणार नाही.

सतरा तारखेला मी हिरवा ड्रेस घातला. केसांत अबोलीचा वळेसर माळला, तो दोनदा काढला, पुन्हा माळला. पंचवीस खुर्च्या टेम्पोत चढल्या. मी केरूकाकांशेजारी बसले. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे मला समुद्र दिसला, लांबवर एक बोट दिसली, आणि बाबांचा आवाज कानात आला. "काका, थांबवा," मी म्हटलं. उतरले, आणि रिक्षा करून दुकानात परत आले. घाबरट! दुसरं काय म्हणू स्वतःला?

सव्वाचारला फोन वाजला.

"खुर्च्या आल्या," हर्षद म्हणाला. "तू?"

"मला काम आहे रे. लग्नाची गडबड."

"मृणाली, एकदा तरी सरळ बोल. थांबू का मी?"

थांब. तीन अक्षरंसुद्धा नाहीत त्या शब्दात. जिभेच्या टोकावर होता तो, देवाशपथ होता. आणि मी काय म्हणाले असेन? मी हसत म्हणाले, "मंडपवाल्यांना कसलं विचारतोस बाबा? आमच्याकडे सगळं एका दिवसापुरतं मिळतं. जा बोटीवर, येताना चॉकलेटं आण."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"बरं," तो म्हणाला.

केरूकाका सहा वाजता टेम्पो घेऊन आले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "बसलाच नाय गो तो. टेबलावर हात ठेवून नुसता उभा हुता. मग खुर्च्या चढवायला मला हात लावलान." ते माझ्या केसांकडे बघत म्हणाले, "काय केलंस बाय तू हे?"

मी वळेसर काढून कचऱ्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्याचं सामान काढायला घेतलं.

तो गेला. पाऊस झाला, गणपती येऊन गेले. सुरुवातीला त्याचे फोटो यायचे, कुठला तरी धक्का, कुठला तरी सूर्य. मी त्यावर हसरे चेहरे पाठवायची. मग फोटो कमी झाले. मला वाटायचं, विसरेन. कसलं विसरतेय! कोणी फुग्यांची कमान मागितली की माझा हात नकळत त्यानं शिकवलेली गाठ मारायचा, आणि ती मेली कधी सुटायची नाही.

नवरात्राच्या आधी एका दुपारी आई पडवीत वाल सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आई, बाबा तुला जन्मभर टोमणे मारत राहिले. तुला कधी वाटलं नाही, जाऊ द्यायला हवं होतं ह्यांना?"

आईनं वर बघितलं. "अगो, टोमणे मारायला तरी घरात होते ना."

"पण सारखं तुझ्यामुळे, तुझ्यामुळे..."

"मग माझ्यामुळेच होते ते घरात," आई म्हणाली. "मला त्यात काय वाईट वाटायचं? शेजारची सुलू बघ, नवरा कायम बोटीवर. तिला बोलायला कोणी नव्हतं, आणि चिडायलाही."

आणि ती पुन्हा वाल सोलायला लागली. मी बघतच राहिले तिच्याकडे. सव्वीस वर्षं ज्या शब्दाला मी भीत आले, तो ऐकून माझी आई मान खाली घालून... हसत तर नसेल?

मी तशीच उठले, दुकानात गेले, गोडाऊनचं दार लोटून घेतलं आणि हर्षदला फोन लावला. मी ठरवलं होतं, आज मस्करी नाही. एक शब्दही वाकडा नाही.

तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला. "अरे वा! कोण बोलतंय हे?"

"हर्षद, मी सांगते ते ऐक," मी म्हटलं. "मला तेव्हा थांब म्हणायचं होतं. मनापासून. मी घाबरले. आता म्हणतेय. ये परत, मिरजोळ्याला, कुठेही... मी आहे."

तो हसला. तेच ते मोठ्यानं, मोकळं हसणं.

"कळलं वाटतं तुला! माझ्या आईनं सांगितलं ना? तिच्या पोटात काही राहत नाही. अगं, रविवारीच लग्न ठरलं माझं. लांज्याची आहे, शाळेत शिकवते. मी म्हटलंच होतं आईला, मृणालीला कळलं की ती माझी खेचल्याशिवाय राहायची नाही. पण हे म्हणजे... बाप रे, एक क्षण खरंच वाटलं मला!"

मी खुर्च्यांच्या थप्पीला टेकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण आवाज ठीक होता. आवाजाची मला सवय आहे.

"चांगली आहे का ती?" मी विचारलं.

"चांगली आहे. सरळ बोलते. मृणाली..."

"काय?"

त्याच्या मागे कोणीतरी इंग्रजीत काही ओरडलं, कसलं तरी यंत्र घरघरत होतं. मग अगदी हळू, भीत भीत, त्यानं विचारलं, "मस्करीच करतेस ना?"

"मग काय तर," मी म्हटलं. "दुसरं काय येतं मला?"